एकाच चिंधीचे दोन डबे

होळी होऊन गेली की लालबागच्या मसाल्याच्या गल्लीतून जाणारी माणसं नाकाला रुमाल लावतात. मी लावत नाही. शिंका येतात, डोळ्यांतून पाणी येतं, समोरून येणारे हसतात. हसू देत. माझं सगळं लहानपण त्या मिरचीच्या खकाण्यात गेलं आहे, आता उतारवयात त्याच्याशी सोवळं पाळणं मला जमणार नाही.

आमच्याकडे वर्षाचा मसाला हा सणच होता. बेडगी, संकेश्वरी, धणे, बडीशेप, दगडफूल, मिरी, नागकेशर, सगळं आई स्वतः पारखून आणायची. दुकानदाराने मिरच्या पुढे केल्या की ती एक मोडून बघायची, नाक मुरडायची आणि म्हणायची, ही गेल्या साली उरलेली, चांगली दाखव. दुकानदार मुकाट्याने शेजारच्या पोत्यातून तीच मिरची काढून दाखवायचा आणि आई ती घ्यायची. दोघंही खूश. मग घरी आणून देठ काढायचे, चाळीच्या गच्चीवर वाळवायच्या, भट्टीवर भाजून घ्यायच्या आणि शेवटी डंकावर न्यायच्या.

डंक म्हणजे मसाला कुटायची गिरणी. लोखंडी मुसळं एकापाठोपाठ एक खाली पडतात, जमीन हादरते, आणि तोंडाला फडकं बांधलेली माणसं न शिंकता काम करतात. तिथला बायकांचा एक नियम होता: आपला मसाला कुटून, चाळून, डब्यात पडेपर्यंत जागचं हलायचं नाही. आधीच्या बाईचा मसाला उखळात राहिला तर? चाळताना कुणी आपली मूठभर पूड दुसरीच्या डब्यात टाकली तर? म्हणून भिंतीला लागून असलेल्या बाकड्यावर सगळ्या जणी पदर नाकाशी धरून डोळ्यांत तेल घालून बसायच्या. गंमत अशी की एकमेकींवर पाळत ठेवता ठेवता त्यांच्या ओळखी व्हायच्या. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचे गुडघे, कुणाच्या चाळीत पाणी कधी येतं, सगळं त्या बाकड्यावर कळायचं. मला वाटतं, मी माणसांशी बोलायला शाळेत नाही, तिथे शिकले.

ही हकिगत पाच-सहा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा नुकतीच नोकरीतून मोकळी झाले होते. लग्न होऊन गिरगावात फणसवाडीत आले त्याला जमाना झाला, पण मसाल्याच्या दिवशी लालबागला हजर राहायचं हा रिवाज मोडला नव्हता. आई ऐंशीच्या घरात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन करून घ्यायला तयार नाही. 'माका सगळा दिसता,' हे तिचं उत्तर. दिसायचं काय ते आम्हाला ठाऊक होतं. त्याच आठवड्यात तिने दारात आलेल्या कुरियरवाल्याला भाचा समजून बसवून चहा दिला होता.

त्या दुपारी डंकावर आईच्या शेजारी एक म्हातारी बसली होती. बारीक अंगाची, निळ्या काठाची पांढरी साडी, पायांतल्या चपला काढून बाकड्याखाली नीट जोडून ठेवलेल्या. परळच्या एका चाळीतून एकटीच आली होती. थोड्याच वेळात दोघींचं सूत जमलं. म्हणजे आई आपल्या मसाल्याची तारीफ करू लागली आणि ती ऐकू लागली. आमचा मालवणी मसाला कसा, वर्षभर रंग कसा सोडत नाही, मुंबईत असा मसाला कुणाला जमत नाही वगैरे. म्हातारीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, असेल बाई, पण यंदा तुमची बडीशेप जास्त झालीय, इथं बसून वास येतोय. आईने मान वळवून तिच्याकडे बघितलं. आईला कुणी असं बोलल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. मग आईच हसायला लागली आणि त्या दोघी बराच वेळ हसत राहिल्या.

म्हातारी वरघाटची, साताऱ्याकडली. तिचा मसाला घाटी, तिखट, भाजलेल्या खोबऱ्याचा. तिने आम्हा दोघींना उसाचा रस पाजला, पैसे देऊ दिले नाहीत. तिचा नंबर आमच्या आधी लागला, तिचा डबा भरून गार व्हायला ठेवला गेला, तरी ती उठेना. मी म्हटलं, आजी, तुमचं झालं की. तर म्हणाली, माहीत आहे गं, पण घरी सांगते डंकावर गर्दी होती. गर्दी नसली तरी बसते. वर्षातून एक दुपार माझी. त्यावर आईने तिचा हात दाबला. मला त्या वेळी काही विशेष वाटलं नव्हतं.

आता डब्यांचं सांगते, कारण सगळा घोळ तिथे झाला. मसाला न्यायचा तो पत्र्याचा चौकोनी डबा, तेलाचा, वरून कापून झाकण आणि कडी लावून घेतलेला. सगळ्यांचे डबे सारखेच. म्हणून प्रत्येक बाई कडीला आपली खूण बांधते. आमची खूण म्हणजे बाबांच्या गिरणीतल्या कापडाची चिंधी. बाबा साचेवाले, म्हणजे मागावरचे विणकर. गिरणीच्या दुकानात कामगारांना कापडाचे तुकडे स्वस्तात मिळत. एका वर्षी तपकिरी रंगावर बारीक पिवळी फुलं असलेलं कापड इतकं मिळालं की आमच्या घरात पडदे, उशांचे अभ्रे, माझा फ्रॉक आणि बाबांच्या लेंग्याची नाडीसुद्धा त्याच फुलांची होती. मी पडद्यासमोर उभी राहिले की दिसायची नाही, असं भाऊ म्हणायचा. गिरणी गेली, कापड विरलं, पण त्याची एक चिंधी आईने मसाल्याच्या डब्याला बांधायला जपून ठेवली होती. दर वर्षी तीच.

आमचा मसाला झाला तेव्हा मी टॅक्सी बघायला गल्लीच्या तोंडाशी गेले होते. परत आले तर आई डबा घेऊन तयार. पिवळ्या फुलांची चिंधी कडीला होती. मी डबा उचलला. म्हातारीने आईला पुढच्या वर्षी भेटू असं सांगितलं आणि आम्ही निघालो.

संध्याकाळी आईने नेहमीप्रमाणे माझी चिनीमातीची बरणी भरून दिली. माझ्या सासरी गोड्या मसाल्याचं राज्य. आमटीत गूळ, भाजीत गूळ, बोलण्यात मात्र नाही. माझी बरणी कपाटात वेगळी असते आणि मी एकटी असले की अंड्याचं कालवण करून खाते. त्या वर्षी पहिल्यांदा केलं आणि थांबलेच. तिखट होता, पण त्या तिखटाच्या मागून भाजलेल्या खोबऱ्याची आणि तिळाची एक खोल चव येत होती. खरं सांगायचं तर मला तो नेहमीपेक्षा जास्त आवडला. पण हे आईला सांगायची माझी प्राज्ञा नव्हती. तिने या वर्षी काहीतरी नवीन केलं असेल असं म्हणून मी गप्प खात राहिले.

लालबागला मात्र पहिल्याच दिवशी बाबांनी बांगड्याच्या तिखल्याचा घास घेतला आणि ताट खाली ठेवलं. 'ह्यो मसालो आपलो न्हय,' म्हणाले. झालं. नाचता येईना अंगण वाकडं, तसा आईने सगळ्यांना बोल लावला. आधी बांगडा शिळा होता. मग नारळ खवट होता. मग भट्टीवाल्याने मिरची करपवली होती. मग बाबांची जीभच म्हातारी झाली होती. बाबा काही बोलायचे नाहीत, नुसते ताकभात मागायचे, आणि आईला त्याचाच जास्त राग यायचा. शेवटी तिने गेल्या वर्षीचा उरलेला मसाला काढला, भरपूर बडीशेप आणि धणे भाजून कुटले, आणि सगळं त्या डब्यात कालवून टाकलं. मला फोन करून सांगितलं की मसाला आता रांगेला लागला. तिच्या हिशेबी प्रकरण मिटलं होतं.

महिनाभराने एका गुरुवारी दुपारी मी आईकडे असताना दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, चष्मा, खांद्याला शाळेत न्यायची पिशवी आणि हातात पत्र्याचा डबा. डंकवाल्याने पत्ता सांगितला म्हणाली. डंकवाल्याला आईचं नाव माहीत नसलं तरी तिचं तोंड चांगलंच माहीत होतं, आणि लालबागमध्ये तेवढं पुरतं. बाईने डबा खाली ठेवला. कडीला तपकिरी चिंधी, पिवळी फुलं.

ती त्या म्हातारीची मुलगी होती. महापालिकेच्या शाळेत शिकवायची. तिने सांगितलं की मसाला कुटून आणल्यावर तिची आई तो महिनाभर मुरू द्यायची, उघडायची नाही. तोवर जुनाच वापरायचा. या वर्षी डबा मुरत असतानाच एका सकाळी आई गेली. झोपेत गेली. येत्या रविवारी तिचं पुण्यानुमोदन होतं, म्हणजे बौद्धांमध्ये गेलेल्या माणसासाठी करतात तो विधी; नातेवाईक, चाळीतली माणसं, सगळे जेवायला येणार होते. तिने त्यासाठी काल डबा उघडला आणि वास घेतला.

"हा आमचा नाही, मावशी," ती आईला म्हणाली. "आईने मिरच्यांचे देठ काढले, गच्चीवर राखण बसली, सगळं स्वतः केलं. रविवारी सगळ्यांनी तिच्या हातचं जेवून जावं, एवढंच आहे मनात. आमचा डबा तुमच्याकडे आहे का?"

मी आतून डबा आणला आणि दोन्ही शेजारी ठेवले. दोन्ही चिंध्या अगदी एक. बाबा खाटेवरून उठून आले, चष्मा लावून त्यांनी आधी एक चिंधी हातात घेतली, मग दुसरी, बोटांनी चोळून बघितली. वडील कुठल्या गिरणीत होते, असं त्यांनी तिला विचारलं. तिने बाबांच्याच गिरणीचं नाव सांगितलं. कुठल्या खात्यात, विचारलं. ती म्हणाली, कताईत, सूतखात्यात.

एके काळी साचाखात्यात तिच्या समाजाच्या माणसांना उभं करत नसत. धागा तोंडाने ओढावा लागतो, मग विटाळ होतो, असलं काहीतरी कारण. सूत मात्र त्यांनी कातलेलं चालायचं. हे बाबांना माहीत होतं, तिलाही माहीत असणार. आमच्या घरातले सगळे विचार कायम धुतल्या तांदळासारखे होते असा दावा मी करणार नाही. मी बाबांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"तुझ्या बापाशीन सूत काडल्यान," बाबा चिंधी धरून म्हणाले, "आनि ता मी इणलंय. बस बाय, उभी कित्याक?"

ती बसली. मग तिने आमच्याकडचा डबा पुढे ओढला, झाकण काढलं, चिमूटभर मसाला तळहातावर घेतला आणि नाकाशी नेला. तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला अजून दिसतं. तिने परत वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं.

आईला हा महिनाभर दिसत नसलेलं सगळं त्या वेळी दिसलं असावं. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मी त्यात आमचो मिसळलंय गं. माका वाटला, बिघडलो हा. मी तुझ्या आईशीचो मसालो बिघडवलंय."

"बिघडला नाही, मावशी," ती म्हणाली. "पण आता तो तिचा नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. तिने झाकण लावलं आणि चिंधी उगाचच सोडून पुन्हा बांधली. आई पदराने डोळे पुसत होती आणि डोळ्यांत मोतीबिंदूचं पाणी येतं असं सांगत होती. मला माझ्याच विचारांची कीव आली. मी जातीपातीच्या काळज्या करत बसले होते, आणि माझ्या आईला एकच गोष्ट खात होती, की ज्या बाईचा हात आपण डंकावर दाबला तिच्या हातची शेवटची वस्तू आपण कालवून टाकली.

आणि मग माझ्या डोक्यात बरणी आली. माझी बरणी तर त्याच संध्याकाळी भरलेली! आईच्या दुरुस्तीच्या कितीतरी आधी. मी तसं म्हटल्यावर ती बाई उभीच राहिली. बरणीत अजून किती आहे, असं विचारायचा तिला धीर होईना आणि मला खात्रीने आठवेना. अंड्याची कालवणं मी बरीच केली होती. या चवीचा मोहच तसा होता. आई म्हणाली, आत्ताच्या आत्ता जा दोघी.

लालबागहून आम्ही बस धरली. दुपारची वेळ, बस अर्धी रिकामी. आम्ही शेजारी बसलो. भायखळ्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. तिने सांगितलं की आई गेल्यापासून वडील नावाला जेवतात. पुढ्यात ठेवलं तर दोन घास खातात, नाही ठेवलं तर मागत नाहीत. बोलणंही तुटलं आहे. मग तिने अचानक विचारलं, त्या दिवशी आई थकलेली होती का? मी तिला एकटीला पाठवायला नको होतं. शाळेत परीक्षा होत्या, सुट्टी मिळाली नाही. डंकावर उन्हात, गर्दीत कितीतरी तास बसली म्हणे.

मी म्हटलं, गर्दी नव्हती.

मग मी तिला सगळं सांगितलं. चपला जोडून ठेवलेल्या, उसाचा रस, आईच्या बडीशेपेची काढलेली खोडी, दोघींचं हसणं. आपलं झाल्यावरही ती कशी बसून राहिली आणि घरी दर वर्षी काय थाप मारते ते. वर्षातून एक दुपार माझी, हे तिचे शब्द सांगितले. ती ऐकता ऐकता हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. दर वर्षी आम्ही तिला ओरडायचो, म्हणाली, एवढा वेळ लागतोच कसा म्हणून, आणि ती म्हणायची, अगं काय सांगू गर्दी. समोरच्या सीटवरच्या एका मुसलमान आजींनी मागे वळून काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. तिने घोटभर पाणी घेतलं. पायधुणीला उतरताना त्या आजींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. या शहराला माणसं निष्ठुर म्हणतात. म्हणणाऱ्यांनी दुपारच्या बसने जरा फिरावं.

काळबादेवीला उतरून आम्ही गल्ल्यांमधून फणसवाडीत आलो. ती इतक्या भरभर चालत होती की रस्ता मला माहीत असून मी मागे. घरात शिरल्याबरोबर मी कपाट उघडलं, बरणी खाली काढली, तोंडाला बांधलेला फडक्याचा दादरा सोडला. बरणी अर्धी होती. तिने वाकून वास घेतला आणि तिथेच स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसली.

"हाच," एवढंच म्हणाली.

माझे यजमान बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी आत डोकावून बघितलं, एक अनोळखी बाई बरणी मांडीवर घेऊन रडते आहे, बायको शेजारी बसली आहे. शहाणा माणूस. काही न विचारता चहा ठेवला.

मसाला डब्यात काढून देते म्हटलं तर ती नको म्हणाली. ओतताना खाली सांडला तर? म्हणून बरणीच न्यायची ठरली, आणि ती जड असल्यामुळे मी तिच्याबरोबर परळपर्यंत परत निघाले. जाताना बस भरलेली होती. बरणीला कितीही घट्ट दादरा बांधला तरी वास राहतो थोडाच! मागून एक शिंक आली, मग पुढून. एका कोळणीने लगेच विचारलं, मसाला का गो? कुठल्या डंकावरचा? मग एका गृहस्थांनी त्यांच्याकडे कोल्हापूरहून येतो असं सांगितलं, त्यावर कोळणीने कोल्हापूरच्या मसाल्याला नावं ठेवली, आणि कंडक्टर तिकिटं फाडता फाडता म्हणाला की आमच्या खानदेशात काळा मसाला असतो, तो खाऊन बघा आणि मग बोला. भायखळा ते परळ सगळी बस मसाल्यावर भांडत होती. ती बरणीला दोन्ही हातांनी धरून बसली होती. कुणीतरी तिला विचारलं, तुमचा कसा असतो? ती म्हणाली, माझ्या आईचा आहे, फार चांगला असतो. अख्ख्या बसमध्ये मी एकटी होते, जिला ते 'असतो' खटकलं. मी तोंड फिरवून बाहेर बघत राहिले.

रविवारी आम्हाला जेवायचं आमंत्रण होतं. बाबांचे गुडघे जिने चढू देत नाहीत, ते घरी राहिले. आईने नेसायला ठेवणीतली साडी काढली, पुन्हा ठेवली, पुन्हा काढली. मी कुठल्या तोंडाने जाऊ, असं दहा वेळा म्हणाली. मी म्हटलं, आहे त्याच तोंडाने चल, दुसरं आणायचं कुठून. रिक्षा मुंबईच्या या भागात चालत नाहीत, टॅक्सी करून गेलो.

चाळीच्या लांब गॅलरीत सतरंज्या टाकल्या होत्या. खोलीत टेबलावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि शेजारी तिच्या आईचा, पांढरी फुलं आणि मेणबत्त्या. वंदना झाली. दोन-तीन माणसं तिच्या आईबद्दल बोलली. कुणाची बाळंतपणं तिने काढली होती, कुणाला संपाच्या दिवसांत जेवू घातलं होतं. माझी आई भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. तिला दिसत किती होतं कोण जाणे, पण फोटोकडे तोंड करून बसली होती.

मग पंगत बसली. भात, मसाल्याचं वांगं-बटाटं, पुऱ्या, बुंदी. स्वयंपाक मुलीने स्वतः केला होता, दुसऱ्या कुणाला चुलीपाशी येऊ दिलं नव्हतं. बरणी खडखडीत रिकामी करून धुऊन तिने माझ्या पिशवीत आधीच ठेवली होती. माणसं पहिला घास घेऊन थांबत होती. एक म्हातारी म्हणाली, तिचाच हात. एका तरुण भाच्याने ताटावर मान इतकी खाली घातली की वर काढेना. मी स्वतः तो मसाला कितीतरी वेळा खाल्लेला, पण त्या दिवशी मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

तिचे वडील खोलीत खुर्चीवर बसले होते. सकाळपासून ते कुणाशी बोलले नव्हते. मुलीने त्यांच्या पुढ्यात स्टूल ठेवून ताट वाढलं आणि ती चुलीशी परत गेली, पण तिचं सगळं लक्ष मागे होतं. त्यांनी बराच वेळ ताटाकडे बघितलं. मग भातावर रस्सा घेतला, कालवला, घास तोंडात घातला आणि सावकाश चावू लागले.

चावता चावता त्यांनी मान स्वयंपाकाच्या ओट्याकडे वळवली आणि आयुष्यभर जेवताना जसं म्हणत आले असतील, तसं सहज म्हणाले, "अगं, मीठ कमी पडलं बघ आज."

खोलीतल्या सगळ्यांचे हात थांबले. मुलगी डाव हातात घेऊन तशीच उभी राहिली. आपण कुणाला हाक मारली ते म्हाताऱ्यांनाही कळलं असावं. त्यांचा हात ताटातच राहिला, आणि ते ओट्याकडे बघतच राहिले.

माझी आई त्यांच्या खुर्चीच्या सगळ्यात जवळ होती. ती भिंतीला धरून उठली. चाचपडत ओट्यापाशी गेली, मिठाचा डबा हाताने शोधला, चिमूट घेतली आणि त्यांच्या ताटाच्या कडेला ठेवली.

"घाईत राहिलं असेल तिच्याकडून," ती म्हणाली. "घ्या."

त्यांनी माझ्या आईकडे बघितलं. मग मीठ भातात कालवलं, घास घेतला, आणि मान हलवली. बरोबर झालं, म्हणाले. मग त्यांनी आणखी थोडा भात मागितला, आणि मुलीने पुढे येऊन वाढला.